एक बुडी कमी

वन्सं, तुम्हाला शेवटची आंघोळ मी घातली. गावातल्या दोघी बायका मदतीला आल्या होत्या, पण पाणी मी ओतलं आणि अंग मी चोळलं. पाठ चोळताना उजव्या खांद्याच्या मागं, कातडीच्या आत, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक बोटाला लागलं. दाबलं तर सरकलं. वरची कातडी निळसर पडली होती. एक बाई म्हणाली, "गाठ असंल." मी हो म्हणाले. ती गाठ नव्हती, बंदुकीचा छर्रा होता. आठ वर्षं तो तुमच्या अंगात होता, आणि एका घरात राहून, एका चुलीवर रांधून मला त्याचा पत्ता नव्हता. मी पुन्हा त्या जागी हात नेला नाही. पाणी ओतत राहिले. ते गार झालं होतं, पण गार पाण्याचं तुम्हाला कधी काही वाटलं नाही.

काल तेरावं झालं. पानं उठली, लोक गेले, आणि जाताना जो तो एकच बोलून गेला, की आत्याबाई फार देवभोळ्या, सगळा जन्म कार्तिकस्नान केलं. मी खरकटं काढत होते म्हणून गप्प बसले. तुम्ही किती देवभोळ्या होतात ते मला विचारावं. पहाटे गळ्याएवढ्या पाण्यात बसून तुम्ही गंगेचं नाव घेत होतात असं गाव समजतं. गंगेचं नाव एकदा घेऊन झालं की बाकी सगळा वेळ तुम्ही बदकं बघत होतात.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे. हे घाटावरून आले आणि समाधानानं म्हणाले, "अक्काची काही इच्छा राह्यली नव्हती." तुमचे भाऊ म्हणजे साधा माणूस. कावळ्याला काय कळतंय? जे राहिलं होतं ते माझ्याकडं राहिलं होतं. म्हणून लिहायला बसले आहे. बापूची जुनी वही आहे, दौतीत पाणी घालून शाई वाढवली आहे, आणि अक्षरं तुमचीच आहेत.

मी या घरात आले तेव्हा चौदा वर्षांची होते आणि तुम्ही चोवीसच्या. अकराव्या वर्षी कुंकू गेलेली, सासरचं घर पुरतं न पाहिलेली नणंद घरात आहे, असं माहेरी सांगितलं होतं, आणि जपून राहा असंही. सासूबाईंनी कार्तिकस्नानाला मला तुमच्याबरोबर धाडलं, कारण तुम्ही एकटीनं जायचं नाही असा नियम होता. त्या वेळी मला वाटलं, तुमची राखण माझ्यावर सोपवली. पहिल्याच दिवशी कळलं की राखण माझीच चालली आहे.

"वन्सं, पाय बधिर झाले."

"डोकं तर न्हाई ना झालं? मंग चल जल्दी."

तलावाच्या घाटावर बायका नदीचं नाव घेत धबाधबा बुड्या मारत होत्या. तुम्ही तिकडं वळलाच नाहीत. मळ्याच्या बांधानं मला ओढत तलावाच्या पार पलीकडं नेलंत, बाभळीच्या बनाच्या मागं, जिथं पाणी उथळ आहे आणि काठाला लव्हाळं वाढलेलं आहे. फटफटायला लागलं होतं. पाण्यावर काळे ठिपके दिसत होते. मी विचारलं, ते काय आहे, आणि तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. "बोलू नको. उडतील."

पुढं बावीस वर्षं, दर कार्तिकात, मी हेच ऐकत आले. बोलू नको, उडतील.

पाण्यात कसं उतरायचं ते तुम्ही मला शिकवलंत. काठावर बसायचं, पाय सोडायचे, आणि बसल्या बसल्या घसरत आत जायचं, उभं म्हणून राहायचं नाही. "म्हशीला पक्षी भीत न्हाईत," तुम्ही म्हणालात, "मंग आपण म्हैस व्हायचं." मला हसू आलं, मी घसरले, पाणी उडालं आणि तलावावरची सगळी बदकं उठली. तुम्ही त्या दिवशी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. दुपारी मात्र ताटात साईचा दही-भात वाढलात आणि म्हणालात, "उद्या बराबर जमंल."

मला पाण्यावर सगळं सारखंच दिसायचं. तुम्हाला एकेक जण ओळखू यायचा. रुंद थापीसारख्या चोचीचं ते थापट्या. कपाळावर पांढरा टिकला आणि काळं अंग तो चांदवा. शेपूट टोकदार ते तुमच्या हिशेबी आमच्या माहेरचे, कारण माझ्या काकांच्या मिशा तशा होत्या. आकाशात करकोच्यांची रांग दिसली की तुम्ही हात जोडायचात, एरवी देवळातसुद्धा तुमचे हात इतक्या मनापासून जोडलेले मी पाहिले नाहीत. कुठून येतात ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही टेंभुर्णीच्या पुढं गेला नव्हतात. "लई लांबून येत असतील," एवढंच म्हणायचात, "आल्या आल्या कसे झोपतात बघ, चोच पाठीत खुपसून."

काठाच्या ओल्या चिखलात त्यांची पावलं उमटलेली असायची. त्या चिखलातच बाभळीच्या काटकीनं तुम्ही मला अक्षरं काढून दाखवलीत. तुम्हाला लहानपणी मामंजींनी शिकवलं होतं, पुढं विधवा झाल्यावर पोथीपुरतं चालू दिलं. मला तर कुणी पाटी हातात दिली नव्हती. रोज एक अक्षर, वर पक्ष्यांची पावलं, खाली माझं वेडंवाकडं ग आणि म. तिसऱ्या कार्तिकात मी माझं नाव लिहिलं, द्वारका, आणि तुम्ही ते लगेच हातानं पुसून टाकलंत, कुणी बघेल म्हणून. सासूबाई गेल्यावरच मी घरात कागद हातात धरला. हे उपकार मी तुम्हाला कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

चक्रवाकांवरून आपलं भांडण व्हायचं ते तुम्ही असेपर्यंत मिटलं नाही. जोडीजोडीनं यायचे ते, अंग विटकरी आणि डोकं फिकट. तुम्ही त्यांच्या अगदी हाताच्या अंतरावर जायचात आणि ते सरकायचे नाहीत. मी गेले तर ओरडत उठायचे. तुमच्या अंगावर लाल आलवण आणि डोकं न्हाव्यानं तासलेलं. एकदा मी तुमच्याकडं आणि त्यांच्याकडं आळीपाळीनं बघत होते, ते तुमच्या ध्यानात आलं. "बघून काय राह्यलीस?" म्हणालात. "माझ्याच जातीचे हायेत ते." आणि तुम्ही हसलात. मला हसता येईना.

पोथीत लिहिलं आहे की चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन तळ्याच्या दोन काठांना बसते आणि एकमेकांना हाका मारत रात्र काढते. तुम्ही म्हणायचात, खोटं आहे.

"उजाडायच्या आत येते मी. बाजूबाजूला बसलेले असतात दोघं."

"पोथीला खोटं म्हणू नये वन्सं."

"पोथीला कुठं म्हणून राह्यले? लिहिणाऱ्याला म्हणते. थंडीत उठला नसंल तो."

मी चिडायचे. मला ती हाका मारण्याची गोष्ट आवडायची, आणि तुम्हाला ती का आवडत नाही हे विचारायची हिंमत नव्हती.

पौर्णिमेला स्नान संपलं की तुम्ही त्या वर्षाचं पुण्य देऊन टाकायचात. हातावर पळीभर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, हे अमक्याला दिलं. लोक आईबापांना देतात, नाहीतर पुढच्या जन्माला ठेवतात. तुम्ही पहिलं मामंजींना दिलंत. माझी पहिली मुलगी सहा दिवसांची होऊन गेली त्या वर्षी तिला दिलंत, आणि माझ्याजवळ बसून पाणी सोडलंत, मला दिसावं म्हणून. एका वर्षी कुंभाराच्या लंगड्या गाढवाला दिलंत. गुरुजी रागावले तर म्हणालात, "त्याच्याकडून स्नान होत न्हाई, मंग त्यानं काय करावं?" पुण्य साठवून ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तुमच्यासारखी उधळी दुसरी नाही पाहिली.

ती जागा कुणाला सांगायची नाही, असं तुम्ही मला पहिल्या वर्षीच बजावलं होतं. शपथ घातली नव्हतीत. "आपल्या दोघींची हाये," एवढंच म्हणाला होतात.

आता ते लिहायला पाहिजे.

बापू दहा वर्षांचा होता. दोन लेकरं गेल्यावर राहिलेला एकटा. ह्यांचं म्हणणं, पोरानं घरची पटवारगिरी शिकावी, दप्तर सांभाळावं. माझ्या मनात होतं की त्यानं औरंगाबादच्या शाळेत जावं. तिथल्या बोर्डिंगात जागा मिळायला बड्या माणसाचं पत्र लागत होतं. त्या दिवाळीत भोकरदनकडून एक साहेब दौऱ्यावर आले, गावाबाहेर डेरा पडला. बरोबर पाहुणे आणि बंदुका. ह्यांनी भीतभीत बापूचा विषय काढला होता, साहेब बघू म्हणाले होते. त्यांना बदकांच्या शिकारीचा नाद. दोन दिवस घाटावरून बार काढले, पण बदकं पाण्याच्या मधोमध, एक हाती लागलं नाही.

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. हे जेवायला बसले आणि घास न घेता म्हणाले, "सायब बिलकुल नाराज हायेत. म्हणून राह्यले, तुम पटवारी होके मुर्गाबी किधर बैठती मालूम नहीं? आता कसलं पत्र अन् कसलं काय. परवा डेरा उठंल."

मी वाढत होते. भाजीचं भांडं हातात होतं. तुम्ही माजघरात वाती वळत होतात.

मी हळू आवाजात सांगितलं. बाभळीच्या बनामागं. उजाडायच्या सुमारास. लव्हाळ्याच्या अंगानं.

ह्यांनी मान वर करून पाहिलं. "तुला कसं ठाऊक?"

"बायका बोलतात घाटावर," मी म्हणाले. तुमचं नाव मी घेतलं नाही. त्यांना आजही वाटतं की तुम्ही घाटावरच न्हायला जात होतात.

मी मनात बेत केला होता, वन्सं. साहेब जातील ते परवा, डेरा उठायच्या आधी. तोवर तुम्हाला टेंभुर्णीला मावशींकडं कथेला धाडायचं, तिथं विहिरीवर स्नान होईल, दोन दिवसांनी याल, तेव्हा सगळं निवलेलं असेल. पक्षी काय, पुन्हा येतील. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही खोटं नाही. त्याच रात्री मी बाहेरची झाले, आणि जागा कळल्यावर साहेबांना परवापर्यंत दम कुठला निघतो?

पहाटे मी ओसरीच्या टोकाला पोत्यावर बसले होते. तुम्ही नेहमीसारख्या निघालात. लांबूनच म्हणालात, "घोंगडी घे अंगावर. थंडी हाये." मी हूं म्हणाले. मला वाटत होतं, आज काही नाही, आज नाही. थोड्या वेळानं वाटेवर पावलं वाजली. चार-पाच माणसं, दोन बंदुका, आणि पुढं वाट दाखवायला तुमचा भाऊ. घाटाकडं न जाता ते तलावाच्या कडेनं वळले.

मळ्याच्या बांधावरून मी धावले असते तर त्यांच्या आधी पोचले असते. मी उठलेसुद्धा. ओसरीच्या पायरीपर्यंत गेले. मग मनात आलं की आपण विटाळशी, कार्तिकाचं पाणी, तुमचं व्रत. मी शिवले तर मोडेल. जवळ गेले तरी मोडेल. आणि मी परत येऊन पोत्यावर बसले.

आठ वर्षं मी स्वतःला हेच कारण सांगत आले. खरं कारण दुसरं होतं. मी धावत आले असते तर तुम्ही विचारलं असतं, ते इकडं येऊन राह्यले हे तुला कसं कळलं? त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून बसले. व्रताचं नुसतं नाव.

मग बार झाले. किती झाले ते मला आठवत नाही. बदकांचा उठण्याचा आवाज ओसरीपर्यंत आला, जोंधळ्याची रास ओतावी तसा. मग चक्रवाक ओरडले.

तुम्ही आलात तेव्हा उजाडलं होतं. आलवण गळ्यापर्यंत ओलं, अंगाला चिकटलेलं, आणि डोकं कोरडं. तुम्ही नेहमी आधी पाण्यात बसून पक्षी बघायचात आणि सूर्याची कड दिसली की शेवटी बुड्या मारायचात, हे मला ठाऊक होतं. कोरडं डोकं पाहून मला सगळं समजलं. डाव्या हातानं उजवा खांदा धरला होतात.

"काय झालं वन्सं?"

"घसरले." मग थोडं थांबून म्हणालात, "आज बुडी न्हाई झाली. पाणी लाल झाल्तं."

एवढंच. आत गेलात. हळद मागितली नाहीत, तुमची तुम्ही घेतलीत. ते लोक तुमच्यापासून किती लांब होते, लव्हाळ्यात त्यांना तुम्ही दिसला नाहीत की तुमच्या आलवणाचा रंग पाहून त्यांना चक्रवाकच वाटला, हे मला कधी कळणार नाही. छऱ्याचं तर आत्ता कळलं.

साहेब खूश झाले. दोन बदकं त्यांच्याकडून आपल्या घरी भेट म्हणून आली. ब्राह्मणाच्या दारात पायाला दोरी बांधलेली ती दोन धुडं, आणि ह्यांना नाही म्हणता येईना. शेवटी गावच्या चौकीदाराला दिली. चक्रवाकाचा एक नरही पडला होता. त्याचं मांस कुणी खात नाही म्हणे. तो डेऱ्यामागं कुत्र्यांपुढं टाकला. दुपारी पत्र मिळालं. बापू औरंगाबादला गेला तेव्हा त्याच्या डब्यातले लाडू तुम्ही वळलेत, डाव्या हातानं. मी विचारलं, उजवा हात दुखतो का, तर म्हणालात, "डावा काय वाया घालवायचा?"

त्या वर्षी पौर्णिमेला तुम्ही पाणी सोडलं नाहीत. मला वाटलं, व्रतात एक दिवस मोडला, मग पुण्य कसलं आणि द्यायचं कसलं. विचारलं नाही. पुढच्या कार्तिकात मी कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटे उठून उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, "तू झोप. तुला थंडी बाधते." मला बरं वाटलं, इतकी मी मूर्ख. गुपित दोघींचं, ते फुटलं, तर फोडणारी कोण हे कळायला काय जोशी लागतो? तरी मी आठ वर्षं धरून चालले की तुम्हाला माहीत नाही. तुमची वागणूक तर तसूभर बदलली नाही. माझ्या तापात तुम्ही उशाशी बसलात, माझ्या केसांत तेल घातलंत, ज्या बाईच्या डोक्यावर केस ठेवले नाहीत तिनं माझ्या केसांतला गुंता सोडवला. मात्र पक्ष्यांबद्दल एक अक्षर माझ्याजवळ बोलला नाहीत.

एकदा सोडून. बार झाले त्याच वर्षीच्या शिमग्याला आपण डाळ निवडत होतो. बाकीचे पक्षी निघून गेले होते, चक्रवाकाची एक मादी तेवढी राहिली होती, तलावावर फेऱ्या घालून ओरडत होती, आवाज घरापर्यंत यायचा. तुम्ही सुपातून मान वर न करता म्हणालात, "तिचे केस कुणी काढले न्हाईत." आणि डाळ पाखडू लागलात. माझ्या हातातला खडा डाळीतच राहिला. त्या रात्री तो ह्यांच्या दाताखाली आला आणि मला बोलणी बसली, ती मला कमीच वाटली.

लढाई सुरू झाल्यापासून रॉकेल मिळत नाही, साखर मिळत नाही, आणि काडतुसंही मिळत नाहीत. कुणी साहेब बंदूक घेऊन आला नाही. बदकं बनामागं परत यायला लागली, असं मला गुराख्याकडून कळलं. तुमच्याकडून कळायला पाहिजे होतं.

यंदा तुम्हाला कोजागिरीपासूनच खोकला होता. मी म्हटलं, घरी विहिरीवर न्हा. तुम्ही ऐकणाऱ्या नव्हतात. पंधरा दिवस गेलात. सोळाव्या दिवशी उठता येईना, छातीत घरघर सुरू झाली. वैद्यानं काढा दिला आणि ह्यांना अंगणात नेऊन काहीतरी सांगितलं. मी तुमचे पाय शेकत होते. ते बर्फासारखे होते.

पौर्णिमेला आठ दिवस होते. दुपारची वेळ, घरात आपण दोघीच. तुम्ही पळी-पंचपात्र मागितलंत. मला वाटलं, तोंडात पाणी हवं आहे. तर म्हणालात, "हात पुढं कर."

मी केला.

"त्या सालचं पुण्य मी कुणाला दिलं न्हाई. ठेवलं होतं. तुला लागंल." पळीतलं अर्धं पाणी गोधडीवर सांडलं. उरलेलं माझ्या तळहातावर आलं. "एक बुडी कमी हाये त्यात. तेवढी तू मार."

वन्सं, तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगायला तोंड उघडलं. "वन्सं, मी त्या दिवशी," एवढे शब्द बाहेर पडले आणि तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात,

"बोलू नको. उडतील."

त्यानंतर तुम्ही बोललात ते माझ्याशी नाही, मामंजींशी. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलात.

तेव्हापासून मी विचार करते आहे, की ती माफी होती की शिक्षा. माफी असती तर मला सांगू दिलं असतं. शिक्षा असती तर पुण्य कशाला दिलं असतं? कधी वाटतं, तुम्हाला खरोखर तलाव दिसत होता आणि मी फक्त मध्ये आवाज करत होते. तुम्ही इथं असतात तर म्हणाला असतात, पोथीसारखा अर्थ काढत बसू नको. पण तुम्ही इथं नाही, आणि मला राग येतो. माझं बोलणं माझ्याकडंच ठेवून गेलात. बावीस वर्षं मी तुमचं ऐकलं, आठ वर्षं स्वतःहून गप्प बसले, एकदा बोलायला निघाले तर तेही नको.

तुमच्या सासरचं कुणी आलं नाही. हेच क्रियेला बसले, म्हणून घर दहा दिवस सुतकात. सुतकात व्रत नसतं, संकल्प नसतो, देवाला हात लावायचा नसतो. पौर्णिमा त्यातच आली.

पौर्णिमेच्या पहाटे मी उठले. हे जागे होते. म्हणाले, "कुठं चाललीस? सुतक हाये."

"हौ, ठाऊक हाये," मी म्हणाले आणि निघाले. एकदा पायरीवरून परत फिरले होते. दुसऱ्यांदा फिरायची ताकद नव्हती.

बांधावरची वाट बुजली आहे. बाभळी वाढल्या आहेत, दोनदा लुगडं अडकलं. तुमची बसायची जागा मात्र दिसली. लव्हाळं तिथं आडवं झालं होतं, या पंधरा दिवसांतलं. मी तिथंच बसले, पाय सोडले, आणि घसरत आत गेले, म्हशीसारखी. या वेळी पाणी उडालं नाही. तुम्ही पाहायला हव्या होतात.

फटफटलं तेव्हा ते दिसायला लागले. चांदवे लव्हाळ्यातून बाहेर आले. थापट्या चोच पाण्यात घालून फिरत होता. चक्रवाकाची एक जोडी माझ्यापासून दोन हातांवर होती. दोघं बाजूबाजूलाच होते, वन्सं, काठावर नाही, एकमेकांना लागून. भांडण तुम्ही जिंकलात. थंडीनं माझे दात वाजत होते. ते दाबून मी बसले, सूर्याची कड वर येईपर्यंत, तुम्ही बसायचात तितका वेळ. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नुसती बुडी मारून, काही न बोलता, परत आले असते तर ते तसेच बसून राहिले असते. तुम्हाला तेच हवं होतं, हे मला माहीत होतं.

मी मोठ्यानं म्हणाले, "वन्सं, जागा मी दाखवली. ते येताना मी पाहिले आणि बसून राहिले."

सगळा तलाव एकदम उठला. चक्रवाक ओरडत माझ्या डोक्यावरून गेले. लांबपर्यंत त्यांचा आवाज येत होता, मग तोही येईना.

मग मी तुमची राहिलेली बुडी मारली. वर आले तेव्हा पाण्यावर कुणी नव्हतं. डोक्यावरून पाणी गळत होतं, ते न पुसता घरी आले.